रात्रीची भाकरी, सकाळचा नात्तो

नागपूर,
करीचा दिवस, सकाळ

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

काल संक्रांत झाली. उरलेल्या तिळाच्या पोळ्यांपैकी एक आज तव्यावर जराशी गरम केली, वर तुपाची धार सोडली आणि गच्चीवर उन्हात बसून खाल्ली. ताज्या पोळीला ही चव नसते. रात्रभरात गूळ पोळीत मुरतो, कडा खुसखुशीत होतात. लहानपणी संक्रांतीपेक्षा करीच्या दिवशीच मी तुमच्याकडे हटकून यायचो, ते तुझ्या आईच्या हातच्या ह्याच शिळ्या पोळीसाठी. खाऊन झालं, हात धुतले आणि तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. चार दिवस उत्तर मनात घोळून राहिलं होतं.

जपानात मितोला लेकीच्या घरी सगळं चांगलं आहे, थंडी सोसते, नातीचा लळा लागला आहे, हे वाचून बरं वाटलं. पण सकाळी टेबलावर नात्तो आला की तुझा जीव तिथून उठतो म्हणतोस. 'कुजलेलं सोयाबीन, चमचा उचलला की तारा सुटतात, वास भिजल्या गोणपाटासारखा,' असं लिहिलंस. नात मिटक्या मारत खाते आणि तू चहाचा कप घेऊन खिडकीकडे तोंड करून बसतोस. आणि त्याखाली एक ओळ: 'काल तिनं विचारलं, आबा, मी खाताना तुम्ही माझ्याकडे का बघत नाही?'

हे पत्र मी त्या एका ओळीसाठी लिहितो आहे. रागावू नकोस.

आपण चौथीत होतो तेव्हाची गोष्ट आठवते का? माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये पहिल्या पाळीला होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ती गिरणी म्हणजे आपल्या मोहल्ल्याचं घड्याळच होतं. तिच्या भोंग्यावर चहा, भोंग्यावर आंघोळ. पहाटे पुन्हा चूल पेटवायची म्हणजे सरपण दुप्पट, म्हणून आई रात्रीच ज्वारीच्या भाकरी थापून टोपलीत फडक्याखाली ठेवायची. पहाटे बाबा दोन भाकरी ताकात कुस्करायचे, वर मीठ आणि बुक्कीनं फोडलेला कांदा, आणि तेवढ्यावर दुपारपर्यंत साच्यावर उभे राहायचे. तिसरी भाकरी जवसाच्या चटणीबरोबर माझ्या डब्यात यायची.

एकदा मधल्या सुटीत बाई वर्गात आल्या. माझा डबा बघून म्हणाल्या, "घरी ताजं करत नाहीत का रे?" तेवढंच. त्यांच्या मनात वाईट नसेलही. पण सगळा वर्ग माझ्या डब्याकडे वळला, आणि मला ती भाकरी दप्तरात लपवाविशी वाटली. तू माझ्या शेजारी होतास. तू तुझा पोह्यांचा डबा माझ्यापुढे सरकवलास, माझी भाकरी उचललीस, चटणी बोटानं पुसून खाल्लीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "उद्या पण आण बे." त्यानंतर वर्षभर तू ती खात राहिलास. ह्याबद्दल मी तुझ्याशी कधी बोललो नाही. पन्नास वर्षं होऊन गेली, आज बोलतो आहे. त्या दिवशी माझी मान वर राहिली ती तुझ्यामुळे.

आता तुझी नात माझ्या जागेवर बसली आहे, बापू. आणि खिडकीकडे तोंड करून तू बसला आहेस.

तू पत्रात 'कुजलेलं' हा शब्द लिहिलास. तो शब्द मला खरा वाटत नाही, म्हणून नात्तो कसा करतात ते मी नीट वाचून काढलं. सोयाबीन रात्रभर भिजवतात, मऊ शिजवतात, गरम असतानाच त्यात एका जातीचे जीवाणू मिसळतात आणि सुमारे चाळीस अंशांच्या उबेत दिवसभर ठेवतात. पूर्वी तांदळाच्या पेंढ्यातच गुंडाळून ठेवायचे, कारण हे जीवाणू पेंढ्यात मुळातच असतात. म्हणजे आपण दह्याला विरजण लावतो तसंच हे डाळीचं विरजण. तुझं मितो गाव तर ह्यासाठी सगळ्या जपानात नावाजलेलं आहे. पश्चिमेकडे, ओसाकाच्या बाजूला, पुष्कळ जपानी लोकच नात्तोला नाक मुरडतात म्हणे. तेव्हा तुला वास सोसत नाही ह्यात काही वावगं नाही. मला खुपतं ते तोंड फिरवणं.

आणि सोयाबीन परकं कुठे आहे? काटोल-कळमेश्वरची वावरं खरिपात त्यानंच भरलेली असतात. आपण ते पिकवतो, मळतो, पोत्यात भरून बाजार समितीत नेतो आणि ते तेलाच्या कारखान्यात जातं. ताटात घ्यायचं आपल्याला सुचलं नाही. आपल्याच देशात नागालँडचे लोक ते आंबवून अखुनी करतात, मणिपुरात हवाइजार, सिक्कीममध्ये किनेमा. वास तोच, तार तीच. तू जपानात जे बघून दचकलास ते इंफाळच्या बाजारात पानात बांधून विकतात.

हा विचार डोक्यात शिरल्यापासून मला सकाळचं खाणं वेगळंच दिसून राहिलं आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला इमारत उभी राहते आहे. तिथले बरेच मजूर छत्तीसगडचे, राजनांदगावकडचे. सकाळी सातला बायका जर्मनच्या गंजावरचं झाकण काढतात. आत रात्रीचा भात, पाण्यात बुडवून ठेवलेला. त्याला ते बासी म्हणतात. मीठ, कच्चा कांदा, हिरवी मिरची, असली तर भाजी. एकदा मी उभा राहून बघत होतो तर एका बाईनं न बोलता वाटीभर माझ्यापुढे धरली. थंड, हलकी आंबूस, आणि खालचं पाणी प्यायल्यावर पोटात जी गारवा देणारी शांतता उतरते ती चहानं कधीच मिळत नाही. ज्याला पुढचे आठ तास उन्हात विटा वाहायच्या आहेत त्याच्या पोटात पाणी, मीठ आणि धान्य एकदमच जातं. २०२२ साली १ मे रोजी छत्तीसगडच्या सरकारनं सगळ्यांनी ह्या दिवशी बासी खावी असं आवाहन केलं होतं. कामगार दिनाला ह्याहून शोभणारं खाणं कोणतं? ओडिशात हीच पखाळ, बंगालात पांता भात. ओडिया लोक तर २० मार्चला पखाळ दिवस पाळतात.

आमचे आजोबा शिळ्या अन्नाचा विषय निघाला की गीतेच्या सतराव्या अध्यायाचा दाखला द्यायचे: 'पर्युषित' अन्न तामसी. त्यांच्यापुढे बोलायची माझी प्राज्ञा नव्हती. आज ते असते तर मी विचारलं असतं, ज्यानं गीता सांगितली त्याचंच रूप म्हणून पुरीला जगन्नाथाची पूजा होते, आणि तिथे त्याला पखाळीचा नैवेद्य दाखवतात, तो कसा? गोपाळकाल्यातल्या शिदोऱ्या तरी पहाटे चूल पेटवून केलेल्या होत्या का? गुरं घेऊन निघालेल्या पोरांच्या फडक्यात बांधलेलं होतं, एवढंच मला दिसतं.

एक मात्र सांगतो, सगळंच उरलेलं खायचं असं नाही. मागच्या उन्हाळ्यात रात्रीचा भात मी डब्यात कोरडाच ठेवला, सकाळी फोडणी दिली आणि दिवसभर उलट्यांनी हैराण झालो. भातात काही जीवाणूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत आणि नागपूरच्या मे महिन्यात त्यांना रान मोकळं मिळतं. फोडणीनंही ते विष जात नाही. बासी करणाऱ्या बायका भात निवला की लगेच पाण्यात बुडवतात, झाकतात, आणि सकाळी वास घेऊनच वाढतात. ती शिकलेली नजर आहे. मी ती न शिकताच शिळं खाल्लं.

तर मला जे दिसून राहिलं आहे ते असं, की जगातली कितीतरी न्याहारी रात्र शिजवते. कैरोत फूल म्हणून बाकल्याच्या दाण्यांची उसळ खातात. अरुंद तोंडाच्या हंड्यात ती रात्रभर मंद आचेवर असते, सकाळी तेल, लिंबू, जिरं घालून भाकरीसारख्या रोटीशी. मेक्सिकोत राहिलेल्या मक्याच्या पोळ्यांचे तुकडे तळून तिखट रश्श्यात परततात, चिलाकिलेस म्हणतात. इथिओपियात आंबवलेल्या पिठाचं इंजेरा आदल्या दिवशीचं उरलं की फाडून मसाल्यात घोळवतात, त्याचं नाव फिरफिर. तुझ्या आईची फोडणीची पोळी आणि ह्या दोन्हींत मला काही अंतर वाटत नाही. इराणात मेंढीचं डोकं आणि पाय रात्रभर शिजवून पहाटे खातात, दिल्लीची निहारीही तशीच रात्रीची. तू माळकरी, तुला हे वाचवणार नाही. पण निहारी आणि न्याहारी हे दोन शब्द एकापाठोपाठ एक म्हणून बघ.

आणि ज्यांना आपली मुलं आता पाकिटातून काढून दुधात टाकतात ते फ्लेक्स? अमेरिकेत बॅटल क्रीक गावी केलॉग बंधू एक आरोग्यधाम चालवत होते. १८९४ साली तिथे शिजवलेले गहू तसेच राहून शिळे झाले, टाकवेनात म्हणून लाटले, तर दाण्यादाण्याची पापडी निघाली, अशी त्यांची हकीकत सांगतात. ते खाणाऱ्या पोराला कुठल्याही वर्गात कुणी काही विचारत नाही.

आपलं तरी काय? सकाळी सातला पोह्यांवर लालभडक तर्री. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. आमचे जावई पुण्याचे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना चौकात घेऊन गेलो. ठेलेवाल्यानं पोह्यांवर काळ्या हरभऱ्याचा रस्सा ओतला, वरचा तेलाचा तवंग मुद्दाम घातला, कांदा, शेव, लिंबू, चिरलेला हिरवा सांभार. जावई प्लेटकडे बघतच राहिले. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. पण त्यांनी प्लेट खाली ठेवली नाही. माझ्या मुलीकडे बघून म्हणाले, "तू रोज हे खाऊन शाळेत जायचीस?" आणि सगळं संपवलं. त्या दिवसापासून हा माणूस मला मनातून आवडला. आणि ते हरभरेही रात्रभरच भिजलेले असतात बरं का.

म्हणून आता माझं ऐक. सकाळी भात वाफाळता असेल तेव्हाच घे. नात्तो नुसता तोंडात घालू नकोस, आधी नातीला घोटायला सांग. चांगला फेस येईपर्यंत घोटतात. मग मोहरीची चटणी, कांद्याची हिरवी पात, आणि भातावर. डब्यासोबत रसाचं जे छोटं पाकीट येतं त्यात बहुधा माशाचा अर्क असतो, ते बाजूला ठेव आणि लेकीकडून साधा सोया सॉस माग. आणखी एक, हे विसरू नकोस: नात्तोत 'क' नव्हे, 'के' जीवनसत्त्व भरपूर असतं आणि वॉरफेरिन घेणाऱ्यांना तो चालत नाही. वहिनी म्हणाल्या होत्या की तुझी ती रक्त पातळ करायची गोळी गेल्या वर्षी बंद झाली. तरी लेकीला चिठ्ठी दाखवून एकदा खात्री करून घे. गोळी चालू असेल तर खाऊ नकोस, पण तिच्यासमोर बस, तिच्याकडे बघ, आणि घोटायचं काम तू कर.

गोळी नसेल तर एक घास खा. नाहीच आवडला तर तिला तसं खरं सांग, आवडलं नाही म्हण, पण 'कुजलेलं' म्हणू नकोस. हा शब्द तिच्या मराठीत अजून आला नसेल तर आपल्या तोंडून यायला नको.

मे महिन्यात तुम्ही सगळे येणार असं लेकीनं कळवलं आहे. मी रात्री ज्वारीच्या भाकरी थापायला सांगून ठेवीन, जवसाची चटणी कुटून ठेवीन, आणि सकाळी तुझी नात आणि मी ताकात कुस्करून खाऊ. तिला आवडते का बघू.

इकडे सगळे बरे आहेत. संत्र्याचा मृगबहार यायचा आहे, आंबियाची संपली. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. पुढच्या पत्रात नात्तोची तार ताटापासून किती उंच जाते ते नातीकडून मोजून घेऊन लिही.

तुझाच,
भाऊ