सुई फुकट नाही, बदल्यात मिळते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात रामबागेत आमच्या गल्लीत कचरागाडीवरच्या बाईंच्या तळहातात सुई घुसली. मेथीच्या देठांत दडलेली होती. मीच त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, मग 28 दिवस घ्यायच्या, ते जमलं. यकृत बिघडवणाऱ्या हेपॅटायटिस सीवर मात्र ना लस, ना अशा गोळ्या. तपासण्या करत वाट बघायची.

पुढे गणपती मंडळाच्या बैठकीत नशेकऱ्यांना नवी सुई देणाऱ्या कार्यकर्त्यांचा विषय निघाला. एक काका म्हणाले, ‘आज सुया वाटा, उद्या दारूबरोबर चकणा वाटा!’ सगळे हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसले.

पण हे कार्यकर्ते जुनी सुई घेतात, मग नवी देतात. ओला, सुका, प्लॅस्टिक करत सहा डबे भरणाऱ्या इंदूरला हे अवघड वाटावं? त्यांच्याकडे परत गेलेली सुई मेथीत सापडत नाही.

मी तीस वर्षं लॅबमध्ये रक्त काढलं. सिरिंजमध्ये उरलेल्या थेंबात हेपॅटायटिस सीचा विषाणू कित्येक आठवडे तग धरतो. एकच सिरिंज चौघं वापरतात, आणि चौघांच्या घरी बायका असतात, ज्यांनी आयुष्यात साधी तपकीर ओढलेली नसते. सुई बदलायला आलेल्याशी कुणीतरी दोन शब्द बोलतं. तिथूनच रक्ततपासणी आणि नशेची तलफ शमवणाऱ्या, जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीपर्यंत वाट जाते. नुसत्या दटावण्याने नशा सुटलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

ॲमस्टरडॅममध्ये 1984 साली नशेकऱ्यांच्याच संघटनेने हेपॅटायटिस बीच्या धास्तीने सुया बदलून देणं सुरू केलं. आपल्याकडे मणिपूरने 1996 च्या एड्स धोरणात ही वाट धरली. आणि 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं कलम 22 काकांनी जरूर वाचावं: हा गुन्हा नाही, असं सांगताना जुनी सुई घेऊन नवी देणाऱ्याचंच उदाहरण तिथे दिलंय. तरी खिशात सिरिंज सापडली तर पोलीस धरतील, या भीतीने ती जवळच्या कचऱ्यात जाते.

महापालिकेने निदान मेडिकलच्या दुकानांबाहेर सुयांसाठी जाड, कुलूपबंद डबे ठेवावेत. बाई कामावर परतल्या आहेत. हातमोजे त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेत. पुढची तपासणी दिवाळीनंतर.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, रामबाग, इंदूर