विरोधी बाकावरून काय काय होऊ शकतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अधिवेशन सुरू झालं की तुमच्या पेपरात विधानभवनाच्या पायऱ्यांचा फोटो येतो, हातात फलक, घोषणा, मग सभात्याग, मग दोन्हीकडच्या नेत्यांच्या प्रतिक्रिया, आणि वाचक म्हणतात की विरोधकांना गोंधळाशिवाय काही येत नाही. मी मूळची तासगावची, आता बरीच वर्षं पर्थला आहे, पेपर फोनवर रोज वाचते. आणि हे वाचलं की मला दरवेळी इथल्या एका सिनेटरची (सिनेट म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या संसदेचं वरचं सभागृह) आठवण होते, रेचल सीवर्ट. तिकडे हे नाव कुणी ऐकलेलं असायचं कारण नाही, पण विरोधी बाकावर बसून कामाचं काय करता येतं हे सांगायला मला यांच्याइतकं चांगलं उदाहरण माहीत नाही, म्हणून पत्र जरा लांबतंय, सांभाळून घ्या.

सीवर्टबाई वेस्टर्न ऑस्ट्रेलियातून ग्रीन्स पक्षाच्या सिनेटर होत्या, २००५ ते २०२१. ग्रीन्स हा छोटा पक्ष, २०१३ नंतर अधिकृत विरोधी पक्ष होता लेबर, म्हणजे या विरोधी बाकांवरही धाकट्याच. सोळा वर्षांत मंत्रीपद एकदाही नाही. आणि विषय कुठले घेतले तर बेकारी भत्ता, अपंगांच्या सोयी, म्हाताऱ्या माणसांची काळजी, इथल्या मूलनिवासी लोकांचे प्रश्न, म्हणजे ज्यावर मतं मिळत नाहीत आणि टीव्हीवर चेहरा दिसत नाही असेच सगळे.

त्यातलं एक प्रकरण नीट सांगते कारण ते आपल्याकडेही उद्या होऊ शकतं. २०१६ पासून इथल्या सरकारने भत्ता घेणाऱ्यांची जुनी खाती कॉम्प्युटरने तपासायला घेतली, लोकांनी त्याला रोबोडेट (म्हणजे रोबोने लावलेलं देणं) नाव पाडलं. इन्कम टॅक्स खात्याकडून वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, त्याचे २६ सारखे भाग करायचे (इथे भत्ता पंधरवड्याचा असतो), आणि माणसाने त्या त्या पंधरवड्यात जे उत्पन्न कळवलं होतं त्याच्याशी जुळतंय का बघायचं. आता समजा एका पोराने वर्षाचे पहिले सहा महिने नोकरी केली, पंधरवड्याला १००० डॉलर, मग नोकरी गेली आणि पुढचे सहा महिने त्याने भत्ता घेतला, अगदी नियमाने, उत्पन्न शून्य कळवून. वर्षाचे झाले १३००० डॉलर. कॉम्प्युटर भागाकार करणार आणि म्हणणार की तू दर पंधरवड्याला ५०० कमवत होतास, मग शून्य कसं सांगितलंस, घेतलेले पैसे परत कर. पोराने एक अक्षर खोटं सांगितलेलं नाही पण देणं त्याच्या डोक्यावर. आणि खरं काय ते सिद्ध करायचं कुणी, तर त्यानेच, पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधून, ज्या मालकाचं दुकान कदाचित बंदही झालं असेल. नाही जमलं तर वसुली एजंटांचे फोन सुरू.

चौथीतल्या मुलालाही कळावी अशी चूक आहे ही. पण सरकार म्हणत होतं सगळं व्यवस्थित चाललंय, करदात्यांचा पैसा वाचतोय, आणि भत्ता घेणारे म्हणजे फुकटे हे लोकांच्याही डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे ओरडणाऱ्यांचं ऐकतो कोण. तेव्हा सिनेटची सामाजिक विषयांची चौकशी समिती कामाला लागली, अध्यक्ष सीवर्टबाई. इथे या चौकशी समित्यांचं अध्यक्षपद सरकारी पक्षाकडे नसतं, ही एक फार चांगली सोय आहे. समितीने निरनिराळ्या शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, ज्यांना पत्रं आली होती ते लोक येऊन बोलले, अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारलं की हा भागाकार कुठल्या कायद्यात बसतो. सगळं शब्दन् शब्द नोंदवून ठेवलं, कुणीही उघडून वाचावं. जून २०१७ मध्ये अहवाल आला, त्यात पहिलीच शिफारस की यातला अन्याय दूर होईपर्यंत ही योजना थांबवा.

सरकारने थांबवली नाही. आणखी दोन वर्षं चालवली.

इथे कुणीही म्हणेल की मग काय उपयोग झाला. मी पण तेव्हा तेच म्हणायचे. पण बाईंनी विषय सोडला नाही. लेखी प्रश्न टाकत राहिल्या, बजेटच्या सुनावण्यांमध्ये (त्यात सिनेटर थेट अधिकाऱ्यांना विचारू शकतात) तेच तेच विचारत राहिल्या, पत्रं किती पाठवली, त्यातली चुकीची किती, दुबळ्या लोकांना किती गेली. त्यांच्या अशाच एका प्रश्नाच्या उत्तरात २०१९ च्या सुरुवातीला खात्याला सांगावं लागलं की जुलै २०१६ ते ऑक्टोबर २०१८ या काळात देण्याचं पत्र मिळाल्यानंतर २०३० माणसं वारली होती. पत्रामुळेच वारली असं त्या आकड्यावरून कुणी म्हणू शकत नाही आणि खात्यानेही तसं बजावून सांगितलं होतं. पण तो आकडा बाहेर आल्यावर या पत्रांच्या पलीकडे माणसं आहेत हे पहिल्यांदा पेपरांना दिसलं, निदान मला तरी तसं वाटतं. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने कोर्टात कबूल केलं की हा असा हिशोब कायद्याला धरून नव्हता, मे २०२० मध्ये जाहीर केलं की ४,७०,००० देणी रद्द आणि ७२ कोटी १० लाख डॉलर परत करणार, आणि २०२३ च्या जुलैमध्ये रॉयल कमिशनचा, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या चौकशी आयोगाचा, अहवाल आला त्यात या योजनेला क्रूर आणि बेकायदा म्हटलंय. तोपर्यंत बाई सिनेटमधून बाहेर पडल्या होत्या. श्रेय एकट्या त्यांचं अजिबात नाही, कोर्टात गेलेले लोक, फुकट केसेस लढणारे वकील, पत्रकार, स्वतः पत्र मिळालेले लोक, सगळ्यांचं आहे. पण या सगळ्यांना टेकायला जो कागद लागत होता तो त्या समितीने २०१७ लाच तयार करून ठेवला होता.

भत्त्याच्या रकमेचंही तसंच. न्यूस्टार्ट नावाचा बेकारी भत्ता, महागाईपुरती वाढ सोडली तर १९९४ पासून खऱ्या अर्थाने वाढलाच नव्हता, २०१९ मध्ये एकट्या माणसाला दिवसाला साधारण ४० डॉलर, त्यात घरभाडं, वीज, खाणं आणि नोकरी शोधायला बसने फिरणं. सीवर्टबाई २०१२ मध्ये एक आठवडा तेवढ्यात राहून दाखवून आल्या होत्या. मला स्वतःला असल्या प्रयोगांचं फार कौतुक नाही, आठवड्यानंतर घरी परत जाता येतं हे माहीत असेल तर ती गरिबी नाही. पण ज्या चिकाटीने त्या वर्षानुवर्षं वाढीची बिलं मांडत राहिल्या आणि हरत राहिल्या ते मात्र मला फार मोठं वाटतं. २०२० मध्ये कोरोना आला, चांगल्या घरातली माणसं भत्त्याच्या ऑफिसबाहेर रांगेत उभी राहिली आणि त्याच सरकारने भत्ता जवळजवळ दुप्पट केला. म्हणजे पैसे होते! नंतर हळूहळू काढून घेतला, पण एप्रिल २०२१ पासून पंधरवड्याला ५० डॉलरची कायमची वाढ द्यावीच लागली. कमी आहे, पण शून्य नाही.

आपल्या लोकांशी थेट संबंध असलेली गोष्टही सांगते. नवीन आलेल्या स्थलांतरितांना हा भत्ता मिळण्याआधी दोन वर्षं थांबावं लागायचं, १ जानेवारी २०१९ पासून ते चार वर्षं केलं. सरकार आणि लेबर दोघांनी मिळून पास केलं ते, विरोध कुणी केला तर ग्रीन्सने, आणि सीवर्टबाई त्यात पुढे. पुण्या-नाशिकहून पीआर (कायम राहण्याचा परवाना) घेऊन आलेली किती कुटुंबं इथे आणि मेलबर्नला आहेत, नोकरी गेली तर चार वर्षं कसलाच आधार नाही हे त्यातल्या बऱ्याच जणांना कोरोनापर्यंत माहीतच नव्हतं (तेव्हा ही अट काही काळ बाजूला ठेवली होती). ज्यांना मतदानाचा हक्कही अजून नाही अशा लोकांसाठी बोलायला एक सिनेटर उभी राहिली हे मी विसरणार नाही.

हरलेलीच उदाहरणं देतेय असं वाटू नये म्हणून हेही सांगते. गेल्या शतकात इथे लग्न न झालेल्या मुलींची बाळं जन्मल्याबरोबर काढून घेऊन दत्तक देऊन टाकायचे, आईची सही कशीही मिळवून. याची चौकशीही सीवर्टबाईंच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने केली, म्हाताऱ्या झालेल्या आया येऊन बोलल्या, फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल आला आणि २१ मार्च २०१३ ला पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी देशाच्या वतीने माफी मागितली. त्याच दिवशी त्यांच्या पक्षात नेतेपदावरून भांडण पेटलं आणि बातम्यांमध्ये तेच गाजलं, याचा मला अजून राग येतो.

आता आपल्याकडे. वरच्या सभागृहाचा उपयोग काय असं लोक विचारतात तेव्हा मला आमच्या सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे आठवतात, विधान परिषदेचे सभापती, रोजगार हमीची कल्पना त्यांची आणि पहिला प्रयोग आमच्या तासगाव तालुक्यातला. ते सत्ताधारी पक्षाचे होते हे खरं, पण वरच्या सभागृहात बसून सामाजिक धोरण घडवता येतं याला आपल्याला परदेशात जायची गरज नाही. अडचण एवढीच की दिल्लीत संसदेच्या स्थायी समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, अहवाल येईपर्यंत कोण काय बोललं ते कळत नाही, आणि अहवाल आला तरी पेपरात दोन ओळी.

लाडकी बहीण योजनेचंच घ्या. उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, घरात चारचाकी नको, मग वेगवेगळ्या खात्यांचा डेटा जुळवून लाखो नावं अपात्र ठरवली, आता ई-केवायसी. बोगस नावं काढायलाच पाहिजेत, पुरुषांनी पैसे उचलल्याचं सरकारनेच सांगितलंय. पण यादीतून निघालेल्यांमध्ये चुकून निघालेल्या किती, तक्रार केल्यावर परत घेतलेल्या किती, ज्या बाईचा आधारशी जोडलेला मोबाइल नवऱ्याकडे आहे आणि नवरा नांदवत नाही तिने ओटीपी कुठून आणायचा, हे तारांकित प्रश्नात कुणी विचारलं का? विचारलं असेल तर मंत्र्यांनी काय उत्तर दिलं?

विनंती एवढीच की अधिवेशन चालू असेल तेव्हा रोज एक कॉलम या लेखी प्रश्नोत्तरांना द्या. कुठल्या आमदाराने काय विचारलं, उत्तर आलं की टाळलं, मागच्या अधिवेशनात दिलेल्या आश्वासनाचं काय झालं. पायऱ्यांवरचा फोटो छापा हवा तर, फक्त पहिल्या पानावरचा थोडा लहान करा. आणि सुरुवात लाडक्या बहिणींच्या प्रश्नापासून करा.

– एक वाचक, पर्थ (मूळ तासगाव, जि. सांगली)