अत्तराच्या कुपीवर बेस छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या तोंडावर बाजारात अत्तराच्या कुप्या मांडल्या जातात. त्यांच्यावर ‘अस्सल कनौजी’, ‘शुद्ध चंदनी’ असे ठसठशीत छापलेले असते. आत तेल कोणते आहे, हे मात्र बहुतेक कुप्यांवर नसते. अत्तरात फुलांचा अर्क थोडा आणि बेसचे, म्हणजे ज्यात तो सुवास मुरवतात त्या तेलाचे, प्रमाण जास्त. चंदनी अत्तरात गिऱ्हाईक पैसे मोजते ते मुख्यतः त्या बेसचे, आणि नेमके तेच त्याच्यापासून लपून राहते. म्हणून हे पत्र.

बेस इतका महत्त्वाचा का, हे उत्तर प्रदेशातल्या कनौज या अत्तराच्या गावाची देग-भपक्याची पद्धत पाहिली की समजते. तांब्याची मोठी देग भट्टीवर बसवलेली असते. तिच्यात 40 ते 60 किलो फुले आणि ती बुडतील इतके पाणी घालतात. वर तांब्याचे झाकण, त्याला सरपोस म्हणतात. त्याची फट कापूस कालवलेल्या मातीने लिंपून वरून लोखंडी कमान आवळतात. झाकणातून बांबूची नळी, म्हणजे चोंगा, बाहेर निघतो. वाफ वाटेतच थंड होऊ नये म्हणून त्याला सुंभ गुंडाळलेला असतो. चोंग्याचे दुसरे तोंड भपक्यात. भपका हे लांब मानेचे, गोल पोटाचे तांब्याचे भांडे, ते पाण्याच्या हौदात ठेवतात आणि त्यात आधीच चार-पाच किलो चंदनतेल ओतलेले असते. वाफ भपक्यात येऊन निवते, सुवास तेलात मुरतो आणि पाणी तळाशी जाते.

खरे कसब आगीचे. पारंपरिक भट्टीवर ना तापमापक, ना दाबाचा काटा. कारागीर हौदात हात घालून भपक्याचे पोट चाचपतो. ऊब कुठवर चढली त्यावरून किती वाफ उतरली ते ओळखतो. उकळीचा आवाज ऐकून लाकडे पुढे-मागे करतो. आच वाढली तर फुले बुडाला लागतात आणि अत्तराला करपट वास येतो, तो पुढे कशानेही जात नाही. वाफेचा जोर झाला तर लिंपलेली माती फुटते आणि दिवसाचा सुवास हवेत जातो. हौदाचे पाणी वेळेवर बदलले नाही, तर भपका वाफ धरत नाही. चार ते सहा तासांनी भपका बदलायचा, तेव्हा देगीवर ओले फडके टाकून उकळी बसवतात. भपका रात्रभर निवू देतात, मग बुडाचे बूच काढून खालचे पाणी सोडतात. हे पाणी टाकून देत नाहीत, कारण त्यात सुवास उरलेला असतो. ते दुसऱ्या दिवशी ताज्या फुलांबरोबर देगीत जाते. तेल तेच, फुले रोज नवी, असे दहा-पंधरा दिवस. शेवटी अत्तर उंटाच्या कातड्याच्या कुप्प्यात भरून उन्हात ठेवतात. कातड्यातून उरलीसुरली ओल निघून जाते. ती राहिली तर अत्तर गढूळ होते आणि आंबूस वास मारते.

फुलांचेही तसेच. गुलाब उन्हे चढायच्या आत खुडावा लागतो, मोगरा संध्याकाळी खुडून त्याच रात्री देगीत पडावा लागतो. पोत्यात दाबलेली फुले काही तासांत आतून तापतात आणि आंबू लागतात.

एवढे सगळे ज्या तेलात उतरवायचे ते चंदनतेल किलोला लाखाच्या खाली मिळत नाही. चंदनाच्या खोडात तेलाचा गाभा धरायला 15 वर्षे आणि त्याहूनही जास्त काळ जातो. हिशेब साधा आहे. 10 मिली अत्तरात नुसत्या चंदनतेलाचेच जवळपास 1000 रुपये होतात. फुले, लाकूड, मजुरी वेगळी. मग तीच कुपी 150 रुपयांना ‘शुद्ध चंदनी’ कशी असेल? ती बहुधा डाय-इथाइल थॅलेटवर, म्हणजे बाजारात ज्याला डीईपी म्हणतात त्या स्वस्त, बिनवासाच्या रासायनिक द्रवावर, किंवा लिक्विड पॅराफिन या खनिज तेलावर बांधलेली असते. आता कनौजमध्येही हे बेस सर्रास वापरले जातात. कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन आहे, ही अभिमानाची गोष्ट; पण ‘कनौजी’ म्हटल्याने कुपीत चंदन आहे असे ठरत नाही.

हातावर चोळून वास घेणे ही परीक्षा नव्हे. बनावट मालाचा पहिला भपकारा उलट जास्त जोरकस असतो. घरी दोन गोष्टी करून पाहता येतात. पेलाभर पाण्यात अत्तराचा एक थेंब टाका आणि दात कोरायच्या काडीने तो पाण्याखाली ढकला. न ढकलता सोडलेला बारीक थेंब पृष्ठभागावर अडकून फसवतो. चंदनतेल पाण्याहून हलके, ते वर येते. डीईपी पाण्याहून जड, तो तळाला जातो. पॅराफिनही तरंगते, म्हणून दुसरी परीक्षा: एक थेंब अत्तर 70 टक्के अल्कोहोलच्या दहा थेंबांत घालून हलवा. चंदनतेल विरघळून द्रव स्वच्छ होतो, पॅराफिनचे मात्र दुधट थेंब वेगळे राहतात. चंदनात थोडी भेसळ असेल, तर ती या दोन्हींतून निसटते. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफीच, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतली तपासणीच, लागते. कनौजला 1991 साली सुगंध व सुरस विकास केंद्र सुरू झाले, तिथे अशी तपासणी होते.

मातीच्या अत्तराचे वेगळे सांगायला हवे, कारण जूनमध्ये त्याला मोठी मागणी असते. खऱ्या मातीच्या अत्तरासाठी पावसाळ्यापूर्वी कच्च्या भाजलेल्या मातीच्या चकत्या आणि खापऱ्या देगीत घालतात आणि फुलांसारखीच त्यांची वाफ चंदनतेलावर धरतात. 1964 साली पहिल्या पावसातल्या मातीच्या वासासाठी ‘पेट्रिकोर’ हा शब्द रूढ करणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनीही कनौजच्या या अत्तराची दखल घेतली होती. स्वस्त कुपीत बहुधा डीईपीत मिसळलेले जिओस्मिन, म्हणजे मातीचा वास देणारे रसायन, असते. त्याचा वास टोचरा, कापलेल्या बीटाच्या जवळचा.

डीईपीवरचे अत्तर विकूच नये, असे म्हणणे नाही. 150 रुपयांत चांगला वास हवा असेल, तर तोच बेस परवडतो आणि तसे सांगून विकण्यात काही गैर नाही. कस्तुरीचेही तसेच. वन्यजीव कायद्याने कस्तुरीमृगाला संरक्षण असल्याने बाजारात मिळणारी ‘कस्तुरी’ कृत्रिमच असणार, आणि ती तशीच असावी. राग येतो तो खोट्या छापाचा. खरी देग चालवणाऱ्याचा माल त्याच फळीवर, त्याच नावाने, दसपट किमतीला उभा राहतो आणि गिऱ्हाईक त्यालाच लुटारू समजते. अशाने भट्ट्या विझतात. भपक्याला हात लावून वाफ ओळखणारा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात, तो एकदा दुसऱ्या धंद्याला लागला की परत येत नाही.

आपल्या दैनिकातर्फे व्यापारी संघटनांपर्यंत एवढी मागणी पोहोचावी: कुपीवर बेसचे नाव, देगीतून काढलेले की मिसळून बनवलेले, आणि कोणत्या साली काढले, या तीन ओळी छापा. साल यासाठी, की चंदनावरचे अत्तर काळ्या काचेत, घट्ट बुचाखाली, उन्हापासून दूर ठेवले तर वर्षागणिक मऊ आणि खोल होत जाते, आणि जुन्या मालाला जास्त भाव मिळणे रास्त असते. तोवर गिऱ्हाइकांनी बिलावर बेस लिहून मागावा. ‘शुद्ध’ एवढा शब्द चालवून घेऊ नये.

आपला,
अत्तर व्यवसायातील एक वाचक, पुणे