साठ ओहमवर न थांबलेल्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरीतल्या आपल्या गॅरेजमधून मी गाडी घेऊन निघालो, त्यानंतर एक अख्खा पावसाळा होऊन गेला. या काळात एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा एकदाही लागला नाही, म्हणून आज खात्रीने हे पत्र लिहीत आहे.

आरे-वारेच्या उतारावर चालत्या गाडीचा स्पीडोमीटर एकाएकी शून्यावर यायचा, दिवे लागायचे, स्टिअरिंग जड व्हायचे आणि दोन-तीन सेकंदांत सगळे पूर्ववत व्हायचे. दर पंधरा दिवसांनी आईला दवाखान्यात नेताना जीव मुठीत धरून गाडी चालवावी लागे. आपल्याकडे येण्यापूर्वी एका ठिकाणी डॅशबोर्डवरचा मीटर बदलून झाला होता आणि दुसऱ्या ठिकाणी एबीएसचे मॉड्युल, म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, बदलण्याचा सल्ला मिळाला होता.

आपण गाडीला हात लावण्याआधी मला आठ दिवस वही ठेवायला लावली. त्या नोंदींत खड्डे आणि ओली सकाळ पुन्हा पुन्हा आली. मग आपण एकट्या इंजिनाचे नव्हे, तर प्रत्येक मॉड्युलने साठवलेले बिघाडाचे कोड वाचले. इंजिन, स्टिअरिंग आणि मीटर या तिघांकडेही यू०१२१, म्हणजे एबीएसशी संपर्क तुटल्याची नोंद होती. एकमेकांविषयी मात्र त्यांची काहीच तक्रार नव्हती. गाडीचा वेग एबीएसकडूनच सर्वांना कळतो, त्यामुळे तो गप्प झाला की काटा पडतो आणि स्टिअरिंगचा अंदाज चुकतो, हे आपण सांगितल्यावर मला ते वेगवेगळे बिघाड एकच असल्याचे प्रथमच उमगले. माझ्या मते निम्मे निदान तिथेच झाले होते.

मॉड्युल एकमेकांशी ज्या तारांवरून बोलतात त्या कॅनच्या दोन पिळलेल्या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर (विद्युत रोध) समांतर जोडलेले असतात, म्हणून बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावायच्या खाचेच्या) ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये साधारण ६० ओहम भरले पाहिजेत. आमच्या गाडीत ६० च भरले. तेवढ्यावर समाधान मानून वायरिंग निर्दोष ठरवता आले असते. आपण मात्र ओहम मोजणारा मल्टिमीटर तसाच लावून ठेवलात, मला आकड्यावर लक्ष ठेवायला सांगितलेत आणि वायरिंग वीत वीत हलवत पुढे गेलात. एबीएसच्या कनेक्टरजवळची जुडी वाकवताच ६० चे १२० झाले. एका टोकाचा रेझिस्टर आमच्या गाडीत त्या मॉड्युलच्या आतच आहे, त्यामुळे त्याचाच संपर्क तुटून तो बाजूला पडत होता.

त्यानंतरचे दृश्य मी विसरणार नाही. आपण त्याच मापाची एक सुटी पिन कनेक्टरच्या एकेका टर्मिनलमध्ये घालून पाहिलीत. बाकी सगळीकडे ती घट्ट धरली गेली. कॅन-लोच्या, म्हणजे कॅनच्या दोन तारांपैकी एकीच्या, टर्मिनलमधून मात्र ती आपल्याच वजनाने खाली पडली. पूर्वी कोणीतरी तपासणीची जाड सुई (प्रोब) खुपसल्याने टर्मिनल फाकले होते, रबरी सील चिरले होते आणि आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेने आत हिरवा थर चढला होता. आपण तो नुसता खरवडून काढला नाहीत. टर्मिनल नवे घातले, काळवंडलेली तार चकाकते तांबे दिसेपर्यंत छाटली, सील बदलले आणि बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच यावा म्हणून त्यांचा पीळ कनेक्टरपर्यंत कायम ठेवला. मॉड्युल जुनेच राहिले.

जोडणी झाल्यावरही आपण पुन्हा मल्टिमीटर लावून जुडी हलवून पाहिली आणि नंतर स्कॅनर जोडून स्वतः आरे-वारेपर्यंत गाडी चालवलीत. मोठा खर्च वाचला याबद्दल मी ऋणी आहेच, पण बिघाड डोळ्यांसमोर घडेपर्यंत आपण कोणताही भाग दोषी धरला नाहीत, त्याबद्दल अधिक ऋणी आहे.

पावसानंतर एकदा कनेक्टर उघडून पाहू, असे आपण म्हणाला होतात. त्यासाठी पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येतो. वहीही सोबत आणतो. जूनपासूनची तिची पाने कोरी आहेत.

आपला कृतज्ञ,
मालगुंडचा एक गाडीमालक