काकूंचा गुडघा आणि करंटचं मशीन

सातारा

प्रिय मीनल,

तुझं पत्र मिळालं. काकूंच्या गुडघ्यांसाठी करंटचं छोटं मशीन घरी घ्यावं का, हे दोन ओळींत सांग म्हणतेस. मग ऐक: हवं तर घे, पण त्याच्या भरवशावर गुडघा सोडू नकोस. आता पुढचंही वाच. फिजिओथेरपिस्ट म्हणून दिवसभर हेच करत असते, त्यामुळे या विषयावर मला थांबवणं अवघड आहे.

आमच्याकडच्या आज्या दारातूनच सांगतात, "मॅडम, आज करंट जरा जास्त लावा, त्यानं गुण येतो." त्यांचा करंट म्हणजे बहुतेक वेळा आयएफटी, म्हणजे इंटरफेरेन्शियल थेरपी. गुडघ्याभोवती चार पॅड फुलीसारखे लावायचे. एका जोडीतून सेकंदाला 4000 आवर्तनांचा प्रवाह जातो, दुसरीतून 4100 चा. दोन्ही एकमेकांना छेदतात तिथे 100 चा ठेका तयार होतो. एवढ्या जलद प्रवाहाला कातडी फारशी आडवी येत नाही, म्हणून टोचतही नाही, नुसत्या मुंग्या येतात. पाचेक मिनिटांत त्या कमी वाटू लागतात, कारण नसा सरावतात, आणि लगेच हाक येते, "मॅडम, बंद पडलं वाटतं!" तू बघितलंस ते टेन्स, कातडीवरच्या पॅडमधून नसांना हलका करंट देणारं, खिशात मावणारं, बॅटरीवर चालणारं.

दुखणं कमी का होतं? कोपर आपटलं की आपण न कळत चोळतो ना, तेच. स्पर्शाचा निरोप नेणाऱ्या जाड नसा जाग्या झाल्या की बारीक नसांनी आणलेला वेदनेचा निरोप मज्जारज्जूतच अडतो, असं मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी 1965 साली मांडलं. पुढे 1967 मध्ये वॉल आणि स्वीट यांनी नसांना वीज देऊन बघितली, तीही आधी स्वतःवर! त्याच्याही कितीतरी आधी एक रोमन वैद्य गाऊटच्या रोग्याला जिवंत विजेरी माशावर पाय ठेवायला लावायचा, गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर. काकूंना हे सांग, मशीनची भीती पळेल.

पण मीनल, यानं झिजलेला गुडघा भरून येत नाही. 2022 साली 381 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा टेन्स चालू असताना आणि काढल्यावर लगेच दुखणं कमी असतं, असं दिसलं. त्याच वर्षी ब्रिटनच्या नाइस या उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या संस्थेनं झिजेच्या संधिवाताच्या रुग्णांना टेन्स, आयएफटी देऊ नका, पुरेसा पुरावा नाही, असं सांगितलं. मला दोन्ही पटतं. म्हणून मशीन काढलं रे काढलं की मी पेशंटला उठवते. दुखणं दबलेलं आहे तेवढ्यात गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाय सरळ उचलायचा, खुर्चीतून हात न टेकता उठायचं. मांडीचा स्नायू भरला तरच जिना सोपा होणार. काकूंना महिनाभराचं नुसत्या करंटचं पॅकेज विकलं आणि एक व्यायाम शिकवला नाही, हे तुझ्या पत्रात वाचून मात्र माझं डोकं फिरलं.

घेतलंसच तर त्यांची शुगर विसरू नकोस. डोळे मिटायला सांगून गुडघ्याभोवती कापूस आणि टूथपिकचं बोथट टोक आळीपाळीनं हलकेच टेकव. फरक ओळखता आला नाही तर मशीन लावायचं नाही. बधिर कातडीला चटका कळत नाही. जखमेवर नको, मानेच्या पुढच्या बाजूला तर कधीच नको. आणि तुझ्या बाबांना पेसमेकर आहे, ते "बघू, माझ्या खांद्याला लाव" म्हणतील. त्यांना हातही लावू देऊ नकोस.

कातडी धुऊन कोरडी कर, तेल-बाम काही नको. पॅड एकमेकांना चिकटू देऊ नकोस. चिकटपणा गेलेला पॅड कडेनं टोचतो, तो सरळ फेकून दे. करंट जोरात जाणवेल पण सोसेल इतकाच, अर्धा तास पुरे. जास्त म्हणजे जास्त गुण, हे काकूंच्या डोक्यातून तूच काढ, माझं त्या ऐकायच्या नाहीत.

त्या जिना चढताना आणि उतरताना नेमकं कुठे दुखतं ते बोट ठेवून दाखवायला सांग आणि मला कळव. व्यायाम त्यावरून बदलावे लागतील. काकूंना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझी,
वैशाली