तांबडी विकली नाही

१ मार्च

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, गेले तीन रविवार फोनवर तू एकच विचारतेयस, "तांबडी विकलीस का?" आणि मी दर वेळी विषय बदलतोय. नाही विकली. २८ जानेवारीला त्या कोंबडीला अंडी उबवायला, रवणाला बसवली आणि आज तिच्यामागून सहा पिल्लं अंगणात फिरतायत. फोनवर एवढं सगळं बोलून होत नाही, मध्येच आवाज जातो. बाबांनाही सगळं नीट कळायला हवं, म्हणून पत्र.

तुम्ही दादाकडे गेल्यावर महिन्याभरातच ती खुडूक झाली, अंडी उबवायला बसू बघायला लागली. अंडं बंद, पिसं फुलवलेली, घोगरा आवाज, आणि खुराड्यात हात घातला की टोचायला धावायची. तू खुडूक मोडायला कोंबडीला पाण्यात बुडवायचीस. लहानपणी मला ते बघवायचं नाही आणि आजही मला ते पटत नाही. खालून जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवली की पोटाखाली ऊब साचत नाही आणि बहुतेक कोंबड्या आपोआप सोडतात. पण तांबडीची खुडूक मला मोडायचीच नव्हती. तिच्यासारखी बसणारी कोंबडी आता मिळत नाही. अंड्यांसाठी वाढवलेल्या लेगहॉर्नसारख्या जातींतून तर हा गुणच काढून टाकलाय.

आठ दिवसांच्या आतली अकरा अंडी निवडली. मोठी-वेडीवाकडी बाजूला काढली, धुतली मात्र नाहीत. टोपलीत तळाला राख, वर पेंढा. तू ठेवायचीस तसा कोळसा आणि लोखंडी खिळाही ठेवला. रात्री अंधार पडल्यावर तिला उचलून बसवली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने फुली मारली होती, कारण दुसऱ्या कोंबड्या तिथेच येऊन घालतात. तसंच झालं. दुसऱ्याच दिवशी बिनफुलीची दोन सापडली, ती काढून घेतली. नाहीतर काही पिल्लं आज, काही चार दिवसांनी, आणि आई कुणाला सांभाळणार?

सातव्या रात्री बाबांच्या चपलांच्या खोक्याला भोक पाडलं, आत मोबाईलची बॅटरी लावली आणि एकेक अंडं भोकावर धरलं. बाबा, हे तुम्ही बघायला हवं होतं. मधोमध एक काळा ठिपका आणि त्याच्याभोवती लाल शिरांचं जाळं, पिंपळाच्या पानाच्या शिरांसारखं. एका अंड्यात तो ठिपका हलला. मी हिला आणि मुलांना हाक मारली, आणि आम्ही चौघं जमिनीवर बसून बघत राहिलो. दोन अंडी कोरी निघाली, एकात नुसतं रक्ताचं कडं होतं. ती तीन काढली, आठ राहिली.

बाराव्या दिवशी मला तिची काळजी वाटायला लागली. दिवसातून एकदा उठून, भलीमोठी शिट करून, दाणे टिपून पंधरा-वीस मिनिटांत परत बसायची, ते तिने बंद केलं. तुरा फिका पडला. उचलली तर मनगटावर काहीतरी चालल्यासारखं झालं. उजेडात बघितलं तर लाल, टाचणीच्या डोक्याएवढे जीव, शेकडो. रात्री तिचं रक्त पीत होते आणि दिवसा टोपलीच्या विणीत लपत होते. ती बसलेल्या जागेवरच झिजत होती आणि मी रोज दाणे-पाणी ठेवून समाधान मानत होतो. आई, याचं मला फार वाईट वाटलं.

अंडी सुती कापडात गुंडाळली. पेंढा जाळला, टोपली कडकडीत पाण्याने धुऊन उन्हात टाकली, दुसऱ्या टोपलीत नवा पेंढा आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला घातला. तांबडीला चुलीची राख आणि माती एकत्र करून त्यात सोडली. अर्धा तास ती लोळत होती. अंडी गार होतील या धास्तीने माझा जीव वर-खाली, पण तेवढ्या वेळाने काही होत नाही. पोटाखाली घेतली की पुन्हा तापतात. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मीच तिला उचलून बाहेर ठेवायला लागलो.

दोन दिवसांनी काळी तलंग, ती तरणी कोंबडी, तीही खुडूक झाली आणि तांबडीच्याच टोपलीत घुसली. दोघींच्या भांडणात एक अंडं फुटलं. बलक बाकीच्यांवर सांडला होता. तो तसाच वाळला तर कवचाची बारीक छिद्रं बुजतात, म्हणून कोमट ओल्या फडक्याने हलकेच टिपला. तलंगेला वेगळ्या खोक्यात दोन कोऱ्या अंड्यांवर बसवली. पुढे तिचाच आधार झाला.

विसाव्या रात्री टोपलीला कान लावला तर कवचाच्या आतून पिल्लं बोलत होती आणि तांबडी त्यांना हळू, खालच्या आवाजात उत्तर देत होती. तू या दिवशी कोमट पाण्यात अंडी सोडून कुठलं हलतं ते बघायचीस. मी ते केलं नाही. कुठे चीर गेलेली असली तर पाणी आत जातं. एकविसाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाच बाहेर आली.

सहावं चोच मारून थांबलं होतं. सकाळी तांबडी पाच पिल्लं घेऊन उठली आणि राहिलेल्या दोन अंड्यांकडे तिने वळूनही बघितलं नाही. मी ती तलंगेच्या पोटाखाली सरकवली. रात्रीपर्यंत त्या भोकातून नुसती चोच दिसत होती, पापुद्रा वाळून कागदासारखा झाला होता. सोलून काढायला हात शिवशिवत होते. पण आत पापुद्र्याच्या शिरांत रक्त वाहत असतं आणि बलकाची पिशवी पोटात ओढली जायची असते. घाई केली तर पिल्लू रक्त जाऊन मरतं. पापुद्रा नुसता कोमट पाण्याने ओला केला, वरचं कवच नखाएवढं काढलं. लाल ठिपका दिसला तिथे थांबलो. पहाटे साडेचारला ते बाहेर पडलेलं होतं, तलंगेच्या पंखाखाली, ओलं आणि दमलेलं. दुसऱ्या रात्री अंधारात तांबडीखाली सारलं, तिने घेतलं. सातवं शेवटपर्यंत गप्प राहिलं. दोन दिवस थांबून फोडलं तर आत पूर्ण वाढलेलं पिल्लू मेलेलं होतं.

त्या सहाव्याचे पाय दोन्हीकडे फाकत होते. चिकटपट्टीने दोन्ही पाय शरीराच्या रुंदीएवढ्या अंतरावर बांधले आणि खालचा गुळगुळीत कागद काढून गोणपाट घातलं. चार दिवसांत चालायला लागलं. पट्टी काढली तरी मुलं त्याला अजून लंगडा म्हणतात.

बाबा, मानमोडीच्या (राणीखेत) रोगात आपल्या सगळ्या कोंबड्या गेल्या होत्या आणि तुम्ही आंब्याखाली खड्डा खणून, चुना टाकून त्या पुरल्या होत्या, ते मी विसरलेलो नाही. म्हणून सातव्या दिवशी पिल्लांना मानमोडीवरची लासोटाची लस घातली, डोळ्यात एकेक थेंब. बाटली शंभर पिल्लांची येते आणि कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. सहा पिल्लांसाठी ती फोडणं मनाला पटेना. आदल्या दिवशी वाडीत फिरून सांगितलं. सकाळी पडवीत पाट्या घेऊन बायका जमल्या, चाळीस-पन्नास पिल्लं झाली. बर्फाच्या डब्यात बाटली धरून ही थेंब सोडत होती. आई, प्रत्येकजण तुझी चौकशी करत होती.

सध्या तांदळाची कणी आणि नाचणी घालतो. पाणी बशीत, खडे टाकून, म्हणजे पिल्लू बुडत नाही. घार काजूवर येऊन बसते, म्हणून दुपारी सगळ्यांना बांबूच्या डालाखाली झाकतो. तुझं डाल एका बाजूने सुटलंय. पूर्वी ते कोणाकडून विणून घ्यायचीस ते मला फोनवर सांग, शिमग्याला तुम्ही यायच्या आत दुरुस्त करून ठेवतो. आणि तांबडीला विकायचं आता नको म्हणूस.

बाबा, गुडघ्याचा व्यायाम चुकवू नका.

तुमचा,
धाकटा