माडाच्या आळ्यातल्या गोळ्या

देवगड, बुधवार रात्र

प्रिय बाबू,

समोर बसून बोलायला गेले की रडू फुटतं, म्हणून लिहिते.

परवा माडाच्या आळ्यात पाच गोळ्या सापडल्या. मी ओरडले. तू म्हणालास, "सर्दी नाय, ताप नाय, मग गोळी कित्याक?" बरोबरच होतं तुझं. 'ताकदीची गोळी' म्हणत दहा वर्षं मीच तुला फसवलं. बाटलीवरचं लेबल खरवडायचं, एसटीत खुळखुळू नये म्हणून आत कापूस कोंबायचा.

काल ओरोसच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक ताईंनी तुला नाव सांगितलं, एचआयव्ही. तू खिडकीबाहेर बघत बसलास. शाळेत जाणाऱ्या मुलाला वयाप्रमाणे थोडं थोडं सांगत जा, असं त्या मला केव्हापासून म्हणत होत्या. सुरुवात केलीही होती मी. आपल्या वाडीला राखणदार आहे तसे रक्तातही असतात, गोळी त्यांना सांभाळते, हे सांगितलेलं आठवतं? त्यापुढे जीभच रेटली नाही.

तू पोटात असताना माझी तपासणी राहून गेली. झाली असती तर औषधांनी तुझी लागण बहुतेक टळली असती. हे मला अजून झोपू देत नाही. दीड वर्षाचा असताना तुझा न्यूमोनिया हटेना, तेव्हा आधी तुझा रिपोर्ट आला, मग माझा, मग बाबांचा. कोणी कोणाला दिलं हा हिशेब मी बाबा असतानाच सोडला.

गोळ्या चुकत राहिल्या तर विषाणू औषधाला सरावतो, मग तेच औषध लागू पडत नाही. रोज घेतली तर रक्तात तो इतका कमी होतो की तपासणीतही सापडत नाही. माझा सापडत नाही. एका ताटात जेवून, कबड्डी खेळून कोणाला काही होत नाही. लग्नाबिग्नाचं पुढे ताईच सांगतील, मला लाज वाटते.

शाळेत सांगायची सक्ती नाही. 2017 च्या कायद्याने यावरून तुला कोणी शाळेतून काढूही शकत नाही. पण कायदा काही नाक्यावरच्या तोंडांना लागत नाही. मित्राला सांगावंसं वाटलं तर आधी आपण दोघं बोलू.

डबीतला कापूस काढलाय. रागावला असशील तर राग धर, पण नऊची गोळी घे.

तुझी,
आई

ता. क. आजीला माहीत आहे. मामीला नाही.